चुना आणि जुन्या वास्तूंचे पुनरुज्जीवन

चुना हा पदार्थ आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, त्याविषयी काही नवे सांगण्यासारखे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विड्याच्या पानाला लावावयाचा चुना, सणापूर्वी भिंतींना द्यावयाची सफेदी, झाडाच्या बुंध्याला ओढलेला पांढरा पट्टा; बहुतेकांच्या लेखी चुन्याची थोरवी एवढ्यातच संपते. परंतु आपल्या देशातील मंदिरे, मशिदी, किल्ले, बावल्या, वाडे आणि पूल ज्या एका पदार्थाने शेकडो वर्षे एकत्र धरून ठेवले, तो हाच चुना होय. दगड आणि विटा आपल्या डोळ्यांना दिसतात. त्यांच्या सांध्यांत दडलेला चुना दिसत नाही, म्हणून त्याचे नावही कोणी घेत नाही.

जुनी इमारत मोडकळीस येते ती केवळ दुर्लक्षामुळे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. दुर्लक्षाने इमारतीची हानी होते हे निःसंशय. सांध्यात पिंपळाचे बी पडते, त्याचे मूळ दगड उचकटते, गच्चीवर साचलेले पाणी छतात उतरते. तथापि गेल्या शतकात आपल्या पुष्कळ प्राचीन वास्तूंचे अधिक नुकसान केले ते दुर्लक्षाने नव्हे, तर चुकीच्या दुरुस्तीने. ही दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या हाती जो पदार्थ होता तो मात्र त्या वास्तूंना मानवणारा नव्हता. असे का झाले, आणि ते निस्तरण्यासाठी दिल्लीत जे काम झाले ते कसे झाले, हे येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी प्रथम थोडे रसायनशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे.

चुन्याचे चक्र

डोंगरातील चुनखडी, नदीकाठचे कंकर किंवा समुद्रातील शिंपले या सर्वांत मुख्यत्वेकरून एकच द्रव्य असते. त्याला रसायनशास्त्रात कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. ते भट्टीत घालून सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले म्हणजे त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ४४ किलो वायूच्या रूपाने हवेत जाते आणि ५६ किलो कळीचा चुना मागे राहतो. हा कळीचा चुना मोठा तहानलेला पदार्थ आहे. त्यावर पाणी ओतताच तो फुगतो, फुटतो, वाफ सोडतो. पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता त्यातून बाहेर पडते. या खळबळीनंतर जो मऊ, लोण्यासारखा लगदा हाती येतो तो विरी चुना. जुने गवंडी हा लगदा पाण्याखाली झाकून महिनोन् महिने मुरवीत असत, कारण मुरलेल्या चुन्याचे कण अधिक बारीक होतात आणि गिलावा तुकतुकीत येतो. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये असा प्राचीन रोममध्ये नियम होता, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

पुढची पायरी मोठी मनोहर आहे. वाळूत कालवून सांध्यात भरलेला किंवा भिंतीवर लिंपलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेऊ लागतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो, म्हणजेच भट्टीत जाण्यापूर्वी तो जो दगड होता तोच पुन्हा होतो. भट्टीत चुनखडीने जो वायू गमावला, तोच वायू ती भिंतीवर बसून परत मिळविते. डोंगरातून निघालेला दगड अशा रीतीने मनुष्याच्या हातून फिरून, त्याला हवा तो आकार घेऊन, पुन्हा दगड होतो. हे काम अर्थातच सावकाश चालते. वायू बाहेरून आत शिरतो, त्यामुळे पृष्ठभाग आधी कठीण होतो आणि गाभ्याला कित्येक महिने, जाड भिंतीत कित्येक वर्षेही लागतात. तज्ज्ञ हे एका साध्या परीक्षेने पाहतात. गिलाव्याचा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब सोडले तर जेथे चुना अद्याप विरी अवस्थेतच आहे तेथे गुलाबी रंग उमटतो. जेथे त्याचा दगड झाला आहे तेथे रंग येत नाही.

शुद्ध चुना पाण्याखाली कठीण होत नाही. तेथे हवा पोचत नसल्यामुळे हे ओघानेच येते. मग बावल्या, हौद आणि पाण्यातले पुलांचे खांब कसे बांधले? त्यासाठी आपल्या कारागिरांनी चुन्यात सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, मिसळण्याची युक्ती शोधली. विटेतील भाजलेल्या मातीची चुन्याशी रासायनिक क्रिया होऊन जे द्रव्य बनते ते ओलीतही घट्ट होते. उत्तर भारताच्या मैदानात मिळणाऱ्या कंकरात मातीचा अंश मुळातच असल्यामुळे त्याच्या चुन्यात हा गुण आपसूक येई. याखेरीज गूळ, बेलफळाचा चीक, उडदाचे पाणी अशा वस्तू चुन्यात घालण्याची चाल होती. यातील काही गोष्टींना निव्वळ परंपरा म्हणून हसणारे लोक पुष्कळ होते. परंतु साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, मिश्रण थापीखाली सुलभ होते आणि हळू आळते, हे प्रयोगशाळेत पाहता येते. चिकट वनस्पतिज द्रव्यांमुळे मिश्रण पाणी धरून ठेवते आणि गिलाव्याला तडे कमी जातात. प्रत्येक प्रांताची कृती निराळी होती. जेथे जे मिळे ते तेथे वापरीत.

हे सर्व एकजीव करण्यासाठी लागे ती चुन्याची घाणी. दगडाचा गोल चर, त्यात उभे फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर अशा घाण्यांचे चर आणि चाके आजही पडलेली आढळतात. किल्ला पाहावयास गेलेली मंडळी त्यावर बसून शिदोरी सोडतात, आणि हे तेलाचे घाणे असावेत असा तर्क करतात.

घाई आणि तिचे परिणाम

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचा कारखाना चालू झाला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत चुन्याचे युग संपुष्टात आले. यात नवल काहीच नाही. चुना भाजावा, विरवावा, मुरवावा, घाणीत घोटावा आणि मग कठीण होण्याची वाट पाहावी. सिमेंट मात्र पोत्यातून काढावे, पाणी घालावे, आणि काही तासांत ते आळलेले पाहावे. नव्या राष्ट्राला धरणे, कालवे, कारखाने आणि लक्षावधी घरे हवी होती. १९६३ साली पुरे झालेल्या भाक्रा धरणाएवढे काँक्रीटचे काम चुन्याच्या भरवशावर कोणी हाती घेतले नसते. सिमेंटला दूषण देण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

अडचण उत्पन्न झाली ती नवा पदार्थ जुन्या शरीरात बसविताना. चुन्याने बांधलेली भिंत श्वास घेणारी असते असे कारागीर म्हणत. शास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर तिच्यातील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ आतबाहेर जाऊ शकते. पावसाळ्यात भिंत ओल घेते, उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. शिवाय चुना दगडापेक्षा मऊ असल्यामुळे उन्हाने व थंडीने होणारे आकुंचन-प्रसरण तो सोसतो. बारीक तडे गेले तर त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि तड्याच्या तोंडाशी पुन्हा साकळतो. लहानसहान जखमा भिंत आपल्या आपण भरून काढते.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे तिचे तोंड दाबल्यासारखे होते. ओल आत शिरण्याच्या वाटा पुष्कळ असतात, बाहेर पडण्याची वाट मात्र बुजते. त्यातून सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात. पाणी त्यांना घेऊन दगडात शिरते, पाणी सुकते, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आपण याला लोणा लागणे म्हणतो. कठीण सिमेंटच्या दोन रेषांमध्ये मऊ दगडाची फरशी झिजून खोलगट झालेली आणि सिमेंटचा सांधा मात्र वर उभा राहिलेला, हे दृश्य आपल्या कितीतरी जुन्या इमारतींत पाहावयास मिळते. सांध्याने झिजावे आणि दगडाने टिकावे, ही बांधणाऱ्याची योजना होती. दुरुस्तीने ती उलटी करून टाकली.

सद्हेतूने केलेल्या अशा अपायाचे आणखी एक उदाहरण अजिंठ्याचे आहे. तेथील भित्तिचित्रांचे पोपडे निघत असलेले पाहून निजाम सरकारने इटलीतून तज्ज्ञ बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पुन्हा पक्का बसविला, आणि ते काम मोलाचेच होते. परंतु चित्रांवर जो लाखेचा रोगण चढविला गेला तो पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि निळे-हिरवे रंग तपकिरी झाकोळाखाली गेले. हा थर विद्रावकांनी इंच इंच करून उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक वर्षे करावे लागले. आज संवर्धनशास्त्रात जो नियम सर्वमान्य आहे, तो अशाच अनुभवांतून आला: जे काही लावावयाचे ते पुढे कधी काढावेसे वाटल्यास मूळ वस्तूला इजा न करता काढता आले पाहिजे.

हुमायूनची कबर

दिल्लीत पुराण्या किल्ल्यात आपल्या ग्रंथालयाचा जिना उतरताना पाय घसरून हुमायून पडला आणि जानेवारी १५५६ मध्ये मरण पावला. त्याची बेगम हमीदा नव्हे, तर वडील पत्नी हाजी बेगम हिने ही कबर बांधविली असे मानले जाते. मिराक मिर्झा घियास या स्थपतीच्या हातून १५७२ च्या सुमारास ती पुरी झाली. तांबडा वालुकाश्म, पांढरा संगमरवर, दुहेरी घुमट आणि भोवती चार भागांत पाटांनी विभागलेली प्रशस्त बाग अशी ही रचना आहे. पुढे ताजमहालात जी कल्पना पूर्णत्वास गेली तिचा आरंभ येथे आहे, आणि त्याच घराण्यातील धाकटी वास्तू म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा. त्या मकबऱ्यात संगमरवर बेताचाच आहे. बाकी सारे सौंदर्य चुन्याच्या गिलाव्याचे आहे, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

कबरीच्या वाट्याला पुढे जे आले ते दिल्लीच्याच इतिहासाचे प्रतिबिंब होय. बागेची देखभाल करणारे राज्य दुबळे झाले तेव्हा फुलांच्या वाफ्यांत भाजीपाला पिकू लागला. सप्टेंबर १८५७ मध्ये अखेरचा बादशहा बहादूरशहा येथेच आश्रयास आला आणि येथेच इंग्रजांच्या हाती सापडला. त्यानंतर विलायती धर्तीची गोल आळी चौकोनी बागेत घालण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत बाग पूर्ववत करण्याचा प्रयत्न झाला. मग १९४७ आले. फाळणीत घरदार सोडून आलेल्या हजारो निर्वासितांनी या कमानींच्या आड संसार थाटले आणि छावणी काही वर्षे राहिली. पाट बुजले, दगड काळे पडले. पण ज्यांच्या डोक्यावर छप्पर उरले नव्हते त्यांना चार भिंती देण्याइतके उत्तम कार्य त्या वास्तूने चारशे वर्षांत क्वचितच केले असेल, असे म्हणावयास हरकत नाही.

१९९३ साली युनेस्कोने तिची जागतिक वारशात गणना केली. १९९७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी मिळून प्रथम बाग हाती घेतली. काळाच्या ओघात साचलेली माती काढून बागेची मूळ पातळी शोधावयाची होती. ती माती तीन हजारांहून अधिक ट्रक भरली. पाटांचे काम तर घड्याळजीच्या तोडीचे. कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून पाणी संथपणे वाहावे यासाठी ४० मीटर लांबीत केवळ एक सेंटिमीटर उतार ठेवावा लागला. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही. पाण्याला मात्र कळतो. बुजलेल्या जुन्या विहिरी सापडल्या, त्या उपसण्यात आल्या, आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून १२८ खड्डे घेतले. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, चमेली अशी अडीच हजारांहून अधिक झाडे-झुडुपे लावली गेली. २००३ साली पाटांतून पुन्हा पाणी खेळू लागले.

खुद्द कबरीचे काम त्यानंतरचे, २००७ साली झालेल्या करारान्वये हाती घेतलेले. गच्चीवर चढलेल्या तज्ज्ञांना तेथे सिमेंट-काँक्रीटचा जाड थर आढळला. विसाव्या शतकात गळती थांबावी म्हणून एकावर एक थर टाकीत गेले, गळती थांबली नाही, म्हणून आणखी थर टाकले, असा तो प्रकार होता. छतात शिरलेले पाणी या झाकणाखाली कोंडून राही आणि खालच्या गिलाव्यातून वाट काढी. वर बांधणीने कधी कल्पिलेला नव्हता असा भार. हा थर यंत्रांनी फोडता येत नव्हता, कारण हादऱ्यांनी चार शतकांच्या कमानी सैल झाल्या असत्या. छिन्नी-हातोडीने तुकडा तुकडा काढीत जे काँक्रीट खाली उतरविले त्याचे वजन भरले दहा लाख किलो! दहा लाख किलो एवढे ओझे या म्हाताऱ्या इमारतीने निमूटपणे वाहिले होते. ते उतरल्यावर योग्य उतार साधून चुन्याचा कोबा करण्यात आला, आणि पाण्याला पूर्वीच्याच वाटेने निघून जाता येऊ लागले.

चौथऱ्याचीही गोष्ट तशीच. तेथील मूळचे खडबडीत दगड, त्यांतील काही हजार किलोहून जड, खचलेले होते आणि ते उचलून सारखे करण्याऐवजी त्यांवर काँक्रीट पसरले होते. काँक्रीट काढून दगड पुन्हा बसविले. कपाळावर सुरकुत्या पडल्या म्हणून त्यावर पट्टी बांधावी, तसे ते झाले होते. भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून त्या जागी चुन्याचा गिलावा जुन्या पद्धतीने दिला.

या सगळ्यास लागणारे गवंडी आणि पाथरवट कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. दगडावर टाकी चालविणारे हात राजस्थानासारख्या प्रांतांत अद्याप होते. त्यांना चुना मुरविण्यास, घोटण्यास आणि वाट पाहण्यास वेळ देण्यात आला. हल्लीच्या ठेक्याच्या कामात हीच गोष्ट दुर्मिळ असते. एकट्या या कबरीवर कारागिरांच्या कामाचे सुमारे दोन लाख दिवस भरले. सप्टेंबर २०१३ मध्ये काम पुरे झाले. पुढल्याच वर्षी, ३० मे २०१४ रोजी, वादळाने घुमटावरचा कळस कोसळला; तोही नवा घडवून २०१६ साली चढविण्यात आला. जुन्या इमारतीची दुरुस्ती एकदाची संपली असे कधी होत नाही.

कौलांचा प्रश्न

कबरीच्या गच्चीवर लहान घुमटांच्या छत्र्या आहेत. मूळच्या काळी त्यांवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या आणि पांढऱ्या झिलईची कौले होती, ज्यांना हल्ली टाइल म्हणतात. त्यांपैकी बरीचशी गळून पडली होती, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांची झिलई उडाली होती. ही विद्या दिल्लीतून पार लुप्त झाली होती. या कौलांचा गाभा सामान्य मातीचा नसून मुख्यत्वे गारगोटीच्या भुकटीचा असतो. फिकट निळा रंग तांब्यामुळे, गडद निळा कोबाल्टमुळे आणि पिवळा शिसे व कथिल यांच्या संयोगामुळे येतो. घटक प्रयोगशाळेत ओळखता येतात, पण भट्टी किती तापवावी, झिलई किती जाड द्यावी, ती तडकू नये म्हणून काय करावे, हे हाताला शिकवावे लागते. ज्या मध्य आशियातून ही कला आपल्याकडे आली होती, तेथूनच ती पुन्हा आणावी लागली. उझबेकिस्तानातील कारागीर दिल्लीस आले आणि त्यांनी शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना हे काम शिकविले. जुन्याशी मेळ बसेल असे कौल भट्टीतून निघेपर्यंत प्रयोगांत काही वर्षे गेली.

नवी कौले बसविण्यास संवर्धनाच्या क्षेत्रातील काहींनी आक्षेप घेतला, आणि तो क्षुल्लक नव्हता. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जी संवर्धन-संहिता सिद्ध केली तिचा रोख असा की, खात्याचे काम जपण्याचे आहे, नव्याने घडविण्याचे नव्हे. झिजलेले तसेच ठेवावे. काळाच्या खुणा पुसू नयेत. भग्नतेतही एक सत्य असते आणि ते खोट्या नवेपणाने झाकू नये, हे कोणीही मान्य करील. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र निराळे पडते. मार्शलसाहेबांच्या देशात अवशेष म्हणजे पुष्कळदा मागे उरलेले दगड. घडविणारी परंपरा तेथे तुटलेली होती. आपल्याकडे पाथरवटाचा नातू अजून टाकी धरतो. त्याला काम देणे हेही जतनच आहे. शिवाय दिल्लीत एक पथ्य पाळले गेले. जी मूळ कौले जागेवर होती, मग त्यांची झिलई का गेलेली असेना, ती काढली नाहीत. नवी बसविली ती रिकाम्या जागी. जवळून पाहणाऱ्याला जुने आणि नवे वेगळे ओळखू येते. खालून बागेतून पाहणाऱ्याला छत्री पुन्हा निळी दिसते.

बावली

कबरीपासून थोड्याच अंतरावर हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याला लागून एक बावली आहे. ती १३२१-२२ च्या सुमारास बांधली गेली. आपण बारव म्हणतो त्याच जातीची. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरावयाचे. तिला जिवंत झरे आहेत, म्हणून सात शतकांत ती कोरडी पडली नाही. भाविक तिचे पाणी पवित्र मानतात. परंतु भोवतालच्या दाटीवाटीच्या वस्तीतील सांडपाणी तिच्यात झिरपू लागले, तळाशी गाळ साचत गेला, भिंतींच्या माथ्यावर घरे उभी राहिली, आणि २००८ च्या पावसाळ्यात भिंतीचा एक भाग आत कोसळला.

येथील काम कबरीपेक्षा अवघड म्हणावे लागेल, कारण येथे इमारतीइतकाच माणसांचा प्रश्न होता. माथ्यावरील कुटुंबांची अन्यत्र सोय होईपर्यंत भिंतीला हात लावता येत नव्हता. जमिनीखाली कोठे पोकळी आहे हे रडारच्या साहाय्याने तपासण्यात आले. मग गाळ उपसण्यास आरंभ झाला. हाताने, टोपल्यांनी, दिवसामागून दिवस. सुमारे ८० फूट खोल गेल्यावर मूळ तळ लागला. शतकानुशतके कोणाच्या दृष्टीस न पडलेली ती फरशी होती. कोसळलेली भिंत दगड आणि चुन्यानेच पुन्हा उभारली गेली. चुन्याची भिंत पाण्याच्या चढ-उताराबरोबर ओली-सुकी होत राहते. त्या जागी अन्य काही वापरणे म्हणजे पुढच्या पडझडीची तजवीज करणे झाले असते. बावलीत पाण्याने पुन्हा जागा घेतली. तिच्यात सांडपाणी येऊ न देणे हे मात्र रोजचे काम आहे, आणि ते गवंड्याचे नसून नगरव्यवस्थेचे आहे.

सब्ज बुर्ज

याच परिसरात, मथुरा रस्त्यावरील वर्तुळाकार चौकात, एक अष्टकोनी लहानशी कबर आहे. तिच्यात कोण निजले आहे हे निश्चित ठाऊक नाही. मोगल अमदानीच्या अगदी आरंभीची, समरकंदच्या धाटणीची ही इमारत. तिचे नाव सब्ज बुर्ज, म्हणजे हिरवा मनोरा. मानेवरच्या हिरव्या कौलांवरून पडलेले. १९८० च्या दशकातील दुरुस्तीत तिच्या घुमटावर निळ्या रंगाची आधुनिक कौले बसविण्यात आली, तेव्हापासून लोक तिला नीली छत्री किंवा नीला गुंबद म्हणू लागले. इंग्रजी अमदानीत काही काळ तिचा उपयोग पोलीस ठाण्यासारखाही झाला. दिल्लीकर तिला रोज वळसा घालून जात, परंतु मोटारीतून उतरून आत पाहावे असे तेथे काही असेल ही कल्पना कोणास नव्हती. आत होत्या त्या सफेदीने आणि गिलाव्याच्या थरांनी लिंपलेल्या मळकट भिंती.

२०१७ नंतरच्या चार वर्षांत तिचे जतन करण्यात आले. सिमेंट काढले, चुन्याचा गिलावा दिला, आणि कौलांसाठी हुमायूनच्या कबरीवर तयार झालेले हात येथे कामी आले. छताच्या आतील बाजूचे थर उतरविण्याचे काम सर्वात शेवटी आणि सर्वात सावकाश झाले. शल्यवैद्याच्या सुरीसारख्या बारीक पात्याने थोडा भाग मोकळा करावयाचा, थांबावयाचे, खाली काय आहे ते पाहावयाचे, मग पुढे. पांढऱ्या थराखाली प्रथम निळा रंग दिसला. तो लाजवर्दाचा होता. अफगाणिस्तानच्या खाणींतून येणाऱ्या त्या मौल्यवान खड्याची पूड. निळ्याच्या शेजारी पिवळे काही चमकले, ते खरे सोने निघाले. हळूहळू साऱ्या घुमटाच्या पोटात फुलावेलींची नक्षी उलगडत गेली. मोगलकालीन वास्तूंत आपल्या देशात टिकून राहिलेले अशा प्रकारचे हे सर्वात जुने चित्रित छत असावे असे मानतात.

ज्यांनी वारंवार सफेदी दिली त्यांना खाली काय आहे हे बहुधा ठाऊक नव्हते. तथापि त्यांचा चुना मऊ होता. चित्राच्या अंगाला तो बिलगला, पण त्याने ते खाल्ले नाही, आणि म्हणूनच पाच शतकांनंतर तो पात्याने अलगद सुटू शकला. बाहेर चौकातली वाहतूक पूर्वीसारखीच चालू आहे. आत शिरून मान वर करणाऱ्याला मात्र आता छत दिसते.